'व्हील ऑफ फॉर्च्यून' बघायला बसताना: चाक, फळा आणि अडीचशे डॉलरचा स्वर

आई पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली, तेव्हा संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तिने करायचं काय हा प्रश्नच होता. मराठी मालिका तिने दुपारीच फोनवर उरकलेल्या असायच्या, बाहेर काळोख आणि थंडी, आणि मी स्वयंपाकघरात. चॅनल बदलता बदलता तिला टीव्हीवर एक मोठं रंगीबेरंगी चाक दिसलं आणि ती थांबली. तो होता 'व्हील ऑफ फॉर्च्यून': फळ्यावर दडलेले शब्द तीन स्पर्धकांनी एकेक अक्षर विचारून ओळखायचे, असा अमेरिकन टीव्हीवरचा खेळ. पहिला आठवडा तिने नुसतं चाक बघितलं. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "अगं, ही बाई चांगली पैसे मिळवत होती, मग एकदम शून्य कसं झालं?" तिसऱ्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते आणि बाहेरून ओरडण्याचा आवाज आला: "बेटर लेट दॅन नेव्हर!" टीव्हीवरच्या तिघांपैकी कुणालाही ते अजून सुचलेलं नव्हतं.

आईचं इंग्रजी नोकरीपुरतं. तरी तिला जमलं, कारण या खेळाला मोठा शब्दसंग्रह लागतच नाही. चारचौघांच्या तोंडात असलेल्या शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा आकार ओळखता आला की झालं. तो ओळखल्यावर हाव कुठे आवरायची, हे मात्र निराळं कसब आहे. मुलांकडे राहायला आलेले आईवडील, नुकतेच अमेरिकेत आलेले विद्यार्थी किंवा भारतात बसून यूट्यूबवर तुकडे बघणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पैशांचे आकडे आणि मधल्या फेऱ्यांची सजावट दर मोसमाला थोडी बदलते, गाभा बदलत नाही.

आधी थोडी ओळख

शाळेत ऑफ तासाला वहीच्या मागच्या पानावर खेळायचो तो हँगमन आठवतोय ना? रिकाम्या रेघा, एक एक अक्षर विचारायचं, चुकलं की फासावरच्या माणसाला एक हात किंवा पाय. मर्व्ह ग्रिफिन लहानपणी लांबच्या मोटार प्रवासात बहिणीबरोबर हेच खेळायचे, आणि त्यातूनच त्यांना हा कार्यक्रम सुचला. ६ जानेवारी १९७५ ला एनबीसी वाहिनीवर तो सकाळच्या वेळेत सुरू झाला, आणि १९८३ पासून संध्याकाळची आवृत्ती आली. पॅट सेजॅक १९८१ पासून जून २०२४ पर्यंत सूत्रसंचालक होते. त्याच वर्षी सप्टेंबरपासून रायन सीक्रेस्ट आले. फळ्याशेजारी उभ्या असतात त्या व्हॅना व्हाइट, १९८२ पासून. १९९७ पर्यंत त्या अक्षरांचे ठोकळे हाताने फिरवत असत. आता तिथे इलेक्ट्रॉनिक पडदा आहे.

एक जुनी गंमत सांगून टाकते. सुरुवातीच्या काळात जिंकलेले पैसे हातात मिळत नसत. स्टेजवर मांडलेल्या सामानातून तेवढ्या किमतीच्या वस्तू निवडाव्या लागत. शेवटी थोडे पैसे उरले की लोक चिनी मातीचा एक ठिपक्याठिपक्यांचा डाल्मेशियन कुत्रा घेऊन घरी जात. तो कुत्रा इतका प्रसिद्ध झाला की जुने प्रेक्षक अजून त्याची आठवण काढतात. संध्याकाळच्या आवृत्तीत ही खरेदी १९८७ मध्ये बंद झाली आणि रोख पैसे सुरू झाले.

पायरी १: चाकाकडे नको, फळ्याकडे बघा

नवखा माणूस चाकाकडे बघतो. साहजिक आहे, ते सुमारे २,४०० पौंड वजनाचं, म्हणजे हजार किलोच्या वरचं धूड आहे आणि झगमगतं. पण खेळ फळ्यावर आहे.

फळ्यावर चार ओळी असतात. वरच्या आणि खालच्या ओळीत १२-१२ चौकटी, मधल्या दोन ओळींत १४-१४, एकूण ५२. ज्या चौकटी पांढऱ्या होतात तिथे अक्षर दडलेलं आहे. शब्द संपला की मध्ये एक चौकट रिकामी सुटते. खाली कोड्याचा प्रकार लिहिलेला असतो: व्यक्ती, ठिकाण, वस्तू, वाक्प्रचार, खाणंपिणं, 'व्हॉट आर यू डूइंग' वगैरे.

अक्षर मागण्याआधीच फळा बरंच काही सांगत असतो. एका चौकटीचा शब्द असेल तर तो 'ए' किंवा 'आय', तिसरं काही क्वचितच. तीन चौकटींचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला किंवा मध्येच दिसला तर आधी 'द' म्हणजे टी-एच-ई लावून बघा. प्रकार 'व्हॉट आर यू डूइंग' असेल तर पहिला शब्द आय-एन-जी ने संपणार हे धरूनच चाला, तीन अक्षरं फुकटात मिळाली. अपॉस्ट्रॉफी, जोडरेघ आणि 'अँड'चं चिन्ह ही पहिल्यापासून उघडी असतात. त्यातली अपॉस्ट्रॉफी सोन्यासारखी.

का, ते एका खऱ्या कोड्यावरून दाखवते. नोव्हेंबर २०१० मधल्या एका भागात सात शब्दांचं, २७ अक्षरांचं कोडं होतं. उघडं होतं फक्त एक 'एल'. स्पर्धक बाईंनी तेवढ्यावर अख्खं उत्तर सांगितलं: 'आयव्ह गॉट अ गुड फीलिंग अबाउट धिस'. तो प्रसंग बघणाऱ्यांना जादू वाटली. पण फळा नीट बघा. पहिला शब्द: एक चौकट, अपॉस्ट्रॉफी, दोन चौकटी. अशा आकाराचे नेहमीचे शब्द दोनच, 'आयव्ह' आणि 'आयल'. 'एल' विचारून झालेलं होतं, आणि अक्षर फळ्यावर जिथे जिथे असेल तिथे तिथे सगळं उघडतं. पहिल्या शब्दात ते उघडलं नाही, म्हणजे 'आयल' बाद. उरला 'आयव्ह'. तिसरा शब्द एका चौकटीचा, म्हणजे बहुधा 'ए'. पाचवा सात अक्षरांचा आणि त्यात चौथं अक्षर 'एल'. आता 'आयव्ह, तीन अक्षरं, अ' असं तोंडात घोळवा. बाईंचं डोकं भन्नाट चाललं हे खरंच, पण त्यांनी हवेत बाण नव्हता मारला.

जे अक्षर नाही ते कळणंही माहितीच आहे, हे त्यातून शिकायचं. स्टुडिओत स्पर्धकांना कोणती अक्षरं अजून शिल्लक आहेत ते एका वेगळ्या फलकावर दिसत असतं, आपल्याला घरी दिसत नाही. म्हणून कागद-पेन घेऊन बसा. आई बिलांच्या पाकिटांच्या पाठीवर लिहायची. पाठ कोरी सापडली नाही की ती पत्रपेटी बघून यायला सांगायची.

पायरी २: टॉस-अप

भाग सुरू होतो तो चाकाशिवाय. तीन स्पर्धक उभे असतात, आपल्या डावीकडून लाल, पिवळा आणि निळा. फळ्यावर अक्षरं आपोआप, कुठूनही, एक एक करून उघडू लागतात. ज्याला उत्तर कळेल त्याने बझर दाबायचा. चुकला तर त्या कोड्यापुरता तो बाद. सुरुवातीला असे दोन टॉस-अप होतात, पहिल्या टॉस-अपला एक हजार, दुसऱ्याला दोन हजार डॉलर, आणि दुसरा टॉस-अप जिंकणारा पहिल्या फेरीत चाक आधी फिरवतो. मध्यंतरानंतर असे तीन टॉस-अप लागोपाठ होतात. यात सांगण्यासारखं फार नाही, पण नवख्यांना सरावाला हा भाग उत्तम आहे. पैशांचा हिशेब नाही, दिवाळं नाही, फक्त आकार ओळखायचा.

पायरी ३: तुमची पाळी आली की

पाळी आली की तीनच गोष्टी करता येतात: चाक फिरवा, स्वर विकत घ्या किंवा कोडं सोडवा.

चाक फिरवलंत तर ते थांबेल त्या खणावरची रक्कम ही एका अक्षराची किंमत. मग व्यंजन सांगायचं. ते फळ्यावर जितक्या वेळा असेल तितक्या पटीने पैसे. ६५० च्या खणावर 'टी' सांगितलं आणि तीन 'टी' निघाले तर १,९५०. अक्षर नसलं, किंवा आधी कुणी सांगून झालेलं पुन्हा सांगितलं, तर पाळी पुढच्याकडे.

स्वर पाच: ए, ई, आय, ओ, यू. ते चाकावर मिळत नाहीत, विकत घ्यावे लागतात. किंमत २५० डॉलर, मग तो स्वर एकदा निघो की सहा वेळा. 'वाय' इथे व्यंजनात मोडतो, आणि नवखे हमखास फसतात ते इथेच. स्वर निघाला तर पाळी तुमचीच राहते. नसला तर २५० गेले आणि पाळीही गेली.

कोडं सोडवलंत तर त्या फेरीतले तुमचे पैसे तुमचे. बाकीच्या दोघांनी त्या फेरीत जे जमवलं असेल ते पुसलं जातं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळा खेळ यावर उभा आहे. ज्याने अक्षरं शोधली त्याला नाही, ज्याने शेवटचं वाक्य उच्चारलं त्याला पैसे. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पुरणाचा घाट आपण घालायचा आणि ताटावर दुसऱ्यानेच बसायचं." अगदी तेच. चुकीचं उत्तर दिलं तर मात्र फक्त पाळी जाते, फेरीत जमलेले पैसे तसेच राहतात.

आता आईने ओरडलेलं तेच कोडं घेऊ. रकमा मी हिशेबाच्या सोयीसाठी लावल्या आहेत. प्रकार: वाक्प्रचार. चार शब्द, सहा, चार, चार आणि पाच चौकटींचे.

चाक ६०० वर थांबलं. 'टी' मागितलं. चार निघाले: २,४००. पुन्हा चाक, ५०० आले. 'एन', दोन निघाले: आणखी १,०००, एकूण ३,४००. आता २५० देऊन 'ई' घेतलं. तब्बल पाच उघडले. हातात ३,१५० राहिले आणि फळा असा झाला:

▢ ई टी टी ई ▢ / ▢ ▢ टी ई / टी ▢ ▢ एन / एन ई ▢ ई ▢

बरेच नवखे स्वरावर पैसे घालवायला कचरतात. चूक आहे ती. पैसे अडीचशेच गेले, पण फळ्याचा सांगाडा उभा राहिला. शेवटचा शब्द बघा: एन, ई, रिकामं, ई, रिकामं. 'नेव्हर' दिसायला लागलं का? आई इथेच ओरडली होती. तिला 'बेटर' आधी दिसलं नव्हतंच, शेवटून सुरुवातीकडे गेली ती. मराठी म्हणीत आपण दुसरा अर्धा ऐकून पहिला ओळखतो, तसंच.

पुढे चाक ७०० वर थांबलं आणि 'आर' मागितलं. दोन: १,४००. आता खात्यात ४,५५०. उत्तर तुम्हाला कळलेलं आहे. बी, एल, एच, व्ही ही चार व्यंजनं शिल्लक आहेत, प्रत्येकी एकेकदाच. अजून एकदा फिरवायचं का?

पायरी ४: थांबायचं कधी

चाकावर २४ खण आहेत. बहुतेकांवर ५०० ते ९०० डॉलर. एक मोठा खण असतो, पहिल्या फेरीत २,५०० चा आणि पुढे वाढत शेवटी ५,००० चा. पण दोन काळे खण 'बँकरप्ट'चे आहेत. आम्ही घरात सरळ 'दिवाळं' म्हणतो. त्यावर थांबलं की त्या फेरीतले सगळे पैसे गेले, चाकावरून उचललेली बक्षिसंही गेली, वर पाळी गेली. आधीच्या फेऱ्यांत कोडं सोडवून मिळवलेले पैसे मात्र सुरक्षित. आणखी एक खण 'लूज अ टर्न'चा, त्यात पैसे राहतात पण पाळी जाते. आणि समोरच्याला उत्तर दिसत असेल तर पाळी गेली काय आणि दिवाळं निघालं काय, फरक फारसा नाही.

म्हणजे २४ पैकी ३ खण घातक, आठात एक. आता आईच्या कोड्याचा हिशेब मांडू. अशीच परिस्थिती चोवीस वेळा आली आणि चाक प्रत्येक खणावर एकेकदा थांबलं असं धरा. एकवीस वेळा एका अक्षराचे सरासरी ६५० मिळतील: १३,६५०. तीन वेळा ४,५५० हातचे जातील: तेही १३,६५०. तंतोतंत बरोबरी! खात्यात याहून कमी असेल आणि उत्तर माहीत असेल, तर एकेका अक्षरासाठी चाक फिरवणं परवडतं. जास्त असेल तर परवडत नाही. शिल्लक अक्षर दोनदा येणार असेल तर ही मर्यादा दुप्पट, नऊ हजारांच्या आसपास.

बक्षिसांचे आणि मोठ्या रकमेचे खण मी या हिशेबात धरलेले नाहीत, आणि समोरचे दोघे मख्ख असतील तर गणित बदलतं. पण सोफ्यावरून 'आता सोडव की गं' असं ओरडायला एवढं गणित पुरे. माझं निरीक्षण असं की स्पर्धक लोक या मर्यादेच्या पुष्कळ पुढे जातात. टाळ्या, दिवे आणि समोर पाच हजारांचा खण असला की सातचा पाढा कुणाला आठवतो!

पायरी ५: उत्तर जसंच्या तसं

उत्तर माहीत असणं आणि ते देणं यात अंतर आहे. फळ्यावर आहे तेच, तेवढंच, त्याच क्रमाने म्हणायचं. एक शब्द गाळला, एकवचनाचं अनेकवचन केलं, की चूक. एक प्रकार शब्दकोड्यासारखा असतो, उभे-आडवे एकमेकांत गुंतलेले शब्द. त्यात चार शब्द सलग म्हणायचे, मध्ये 'अँड' घातलं की बाद. बोलताना यादीतल्या शेवटच्या शब्दाआधी 'आणि' आपोआप येतो, त्यामुळे इथे अनेकांचे पैसे गेले आहेत.

मध्ये थांबूनही चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शेवटच्या फेरीत एका स्पर्धकाने 'चूझिंग द राइट' इथपर्यंत म्हटलं, मग थबकली आणि नंतर 'वर्ड' म्हणाली. उत्तर बरोबर, वेळेतही. पण मधला थांबा फार लांबला असं ठरवून बक्षिसाची औडी गाडी दिली नाही. लोक इतके भडकले की पुढे औडी कंपनीनेच तिला गाडी दिली. कोडं होतं 'योग्य शब्द निवडताना', आणि ती अडखळली ती नेमकी 'शब्द' या शब्दावर.

मधल्या फेऱ्या, पटकन

एका फेरीत चाकावर दोन 'मिस्टरी' खण असतात. त्यावर थांबलात तर अक्षरामागे एक हजार घ्या, किंवा खण उलटा: खाली दहा हजार असतील किंवा दिवाळं. 'एक्सप्रेस' खणावर पुन्हा चाक न फिरवता एकामागून एक अक्षरं सांगत सुटता येतं, प्रत्येक व्यंजनाला एक हजार, पण एक चुकलं की दिवाळंच. एका फेरीत कोडं सोडवणाऱ्याला सहल मिळते आणि कोड्याच्या उत्तराचा त्या सहलीशी काहीतरी संबंध असतो, समुद्रकिनारा वगैरे. हे लक्षात ठेवलं तर अंदाज बांधायला सोपं जातं.

'बिफोर अँड आफ्टर' या प्रकाराला मात्र थोडं थांबते, कारण तो नवख्यांना वेड लावतो. दोन वेगळ्या गोष्टी, मधला शब्द सामाईक. मराठीत करायचा तर 'चहापाणी' आणि 'पाणीपुरी' मिळून 'चहापाणीपुरी'. म्हणून या प्रकारात पूर्ण वाक्याला अर्थ शोधत बसू नका, नसतोच तो. पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा वेगवेगळा वाचा.

वेळ संपत आली की घंटा वाजते आणि शेवटची फिरकी होते. चाकावर आलेल्या रकमेत हजार मिळवायचे, ती पुढच्या प्रत्येक व्यंजनाची किंमत. स्वर फुकट, पण त्यांना पैसेही नाहीत. तिघांनी पाळीपाळीने एकेक अक्षर सांगायचं, अक्षर निघालं तर उत्तर द्यायला तीन सेकंद. इथे मोठमोठ्या आघाड्या उलटतात, तेव्हा चहा टाकायला उठू नका.

पायरी ६: बोनस फेरी

सगळ्यात जास्त कमाईचा स्पर्धक शेवटच्या फेरीत जातो. तो छोटं चाक फिरवतो, त्यावर २४ पाकिटं असतात. कुठल्या पाकिटात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. मग फळ्यावर सहा अक्षरं आपोआप उघडतात: आर, एस, टी, एल, एन आणि ई. पूर्वी स्पर्धक पाच व्यंजनं आणि एक स्वर स्वतः निवडत, आणि बहुतेक सगळे हीच सहा निवडत, कारण इंग्रजीत ती सर्रास येतात. १९८८ मध्ये कार्यक्रमानेच ती सहाच्या सहा फुकट देऊन टाकली आणि वर तीन व्यंजनं नि एक स्वर निवडायची मुभा दिली. मग दहा सेकंद, आणि तेवढ्यात हवे तितके अंदाज.

उदारपणा वाटतो ना? पण आता कोडं रचणाऱ्याला ठाऊक आहे की ही सहा उघडणार आहेत. तो त्यांना चुकवूनच कोडं रचतो. म्हणून बोनसचा फळा बहुतेक वेळा ओकाबोकाच राहतो. अनेकजण सी, डी, एम आणि ए सांगतात. मला जी, एच, पी आणि ओ बरी वाटतात. 'आय-एन-जी'तला जी, 'टी-एच' आणि 'सी-एच'मधला एच, आणि छोट्या अवघड शब्दांत ओ पुष्कळ वेळा असतो. पण प्रकार बघून बदला. 'व्हॉट आर यू डूइंग' असेल तर एन आधीच उघडलेला आहे आणि शेवटचा आय-जी माहीतच आहे, तिथे जी मागणं म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीला पैसे मोजणं.

दहा सेकंदांत एक युक्ती चालते: मनात विचार करू नका, तोंडाने बडबडा. चुकीच्या अंदाजाला दंड नाही. आणि कान डोळ्यांपेक्षा लवकर ओळखतो.

घरी, मराठीत

आईला परत जायला महिना राहिला तेव्हा तिने विचारलं की हे मराठीत का नाही खेळायचं. खेळलो. पुठ्ठ्याच्या ताटलीवर खण आखले, मध्ये टाचणी आणि पेपरक्लिपचा काटा, पैशांऐवजी राजमा. अडचण आली ती देवनागरीची. रोमन लिपीत व्यंजन वेगळं, स्वर वेगळा. आपल्याकडे 'ना' हे एकच अक्षर, त्यात न पण आहे आणि काना पण.

शेवटी ठरलं ते असं. चौकट अक्षरामागे एक. व्यंजन मागितलं की ते मात्रेशिवाय उघडतं. काना, वेलांटी, उकार, मात्रा हे सगळे स्वर, आणि ते विकत घ्यायचे, पाच राजमा. सुटा स्वर असेल तर तोही त्याच खरेदीत उघडतो. जोडाक्षरात दोन्ही व्यंजनं वेगवेगळी मागावी लागतात. न आणि ण वेगळे, श आणि ष वेगळे, यावर तडजोड नाही.

पहिलं कोडं आईने घातलं: तीन-तीन अक्षरांचे चार शब्द, प्रकार म्हण. मी 'न' मागितलं, दोन निघाले, पहिल्या शब्दाच्या सुरुवातीला आणि दुसऱ्याच्या शेवटी. मुलीने काना विकत घेतला. चार चौकटींत काने उभे राहिले, दोन माझ्या 'न'ना, एक पहिल्या शब्दाच्या शेवटी, एक चौथ्याच्या सुरुवातीला. मग तिनेच 'ग' काढलं. तिसऱ्या शब्दात मधोमध ग दिसल्यावर ती उडीच मारून ओरडली, "नाचता येईना अंगण वाकडं!"

फळ्यावर 'वाकडे' होतं. आईने चमच्याने ताटली वाजवली आणि म्हणाली, "चूक. पाळी माझी."